मासे व कोळंबी यांच्या पेटींतील पाणी

आमच्या विज्ञानवर्गाच्या खिडकीशीं जी काचेची मत्स्यपेटी आहे, तिच्यांत गेल्या मे महिन्याच्या सुटींत घडलेला अनर्थ विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. चार दिवसांत तांबड्या कोळंब्या एकामागून एक मेल्या. गप्पी मासे मात्र कांहींच झालें नाहीं अशा थाटांत पोहत राहिले. दोष सर्वस्वीं आमचा होता. उष्ण देशांतील माशांस ऊन पाणी मानवतें एवढें वाचून आम्ही निर्धास्त राहिलों. हल्लीं पुष्कळ पालक वाढदिवसाची भेट म्हणून मुलांस अशी पेटी घेऊन देतात, आणि तिच्यांत मासे व कोळंबी एकत्रच सोडलीं जातात. म्हणून या विषयावर आमचें मत मांडीत आहों.

तें मत असें कीं, मिश्र पेटीचें उष्णमान माशांवरून ठरवूं नये, कोळंबीवरून ठरवावें. दुकानांत मिळणारी तांबडी चेरी कोळंबी मूळची तैवान व चीन या बाजूची. तिला २० ते २६ अंश सेंटिग्रेड पाणी सोसतें. गप्पी दक्षिण अमेरिकेंतला, त्यास २२ ते २८ अंश चालतात. दोघांच्या सोयीची पट्टी २२ ते २६ अंशांची राहिली. तिचा मध्य २४ अंश. तोच आम्ही पसंत करतों.

मग आमचे मासे वांचले कसे? पाणी जसजसें तापतें, तसतसा त्यांत विरघळलेला प्राणवायु कमी होतो. समुद्रसपाटीस २० अंशांच्या पाण्यांत तो लिटरमागें सुमारें ९ मिलिग्रॅम मावतो, तर ३० अंशांस साडेसातच. आपलें नगर सुमारें ६५० मीटर उंचीवर असल्यानें येथें तोही थोडा उणाच. इकडे उष्णतेनें प्राण्यांचा श्वास वाढतो, म्हणजे मिळकत घटते आणि खर्च वाढतो. अशा वेळीं गप्पी पृष्ठभागाशीं तोंड आणून तेथील हवेलगतचें पाणी घेतो. तळाशीं चालणाऱ्या बिचाऱ्या कोळंबीस ती सोय नाहीं.

कोणी म्हणतील, २८ अंशांवर मासे अधिक चपळ दिसतात व प्रजाही लवकर होते. खरें आहे, परंतु अशा घाईनें त्यांचें आयुष्यही लवकर सरतें. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायांत मनुष्यास मत्स्यांवर सत्ता दिल्याचें सांगितलें आहे. ती सत्ता थर्मामीटर न पाहतां चालवावयाची आहे, असें आम्हांस वाटत नाहीं.

नगरकरांस हीटरपेक्षां गारव्याचीच चिंता अधिक. मे महिन्यांत येथील दुपार ४० अंशांवर जाते. अशा वेळीं बर्फाचे खडे पेटींत टाकण्याचा मोह होतो, तो आवरावा. एकाएकीं गार झालेलें पाणी ऊन पाण्याइतकेंच घातक. आपली उन्हाळी हवा कोरडी आहे, हा लाभ घ्यावा. माठांतील पाणी ज्या कारणानें गार होतें त्याच कारणानें, पेटीचें झांकण काढून वर जाळी घातली व पाण्यावर लहान पंखा सोडला, तर दोनतीन अंश सहज उतरतात. उडून गेलेल्या पाण्याच्या जागीं बोअरचें जड पाणी ओतूं नये, क्षार साचत जातात. गाळलेलें मऊ पाणी थोडथोडें घालावें. पेटी खिडकीपासून दूर ठेवावी, हें आम्ही फार उशिरां शिकलों. हिवाळ्यांत रात्रीचा पारा दहाच्या आसपास येतो, तेव्हां मात्र आपोआप बंद होणारा हीटर २२ अंशांवर लावावा.

डिस्कस माशास २८ अंशांच्या वर पाणी लागतें, व सोनमासा कोळंबीसच खातो; म्हणून हे दोघे या पेटींत नकोत. माशांस पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झाल्यास पाणी ३० अंशांवर नेण्याचा किंवा तांब्याचें औषध घालण्याचा सल्ला मिळतो. पैकीं तांबें कोळंबीस विषच होय. आजारी मासा वेगळ्या भांड्यांत काढावा.

यंदा एप्रिलअखेर आमची पेटी उत्तरेकडील खोलींत हलविली जाईल, आणि शाळेजवळ राहणारे दोन विद्यार्थी सकाळ-दुपार पारा टिपून ठेवतील. ज्या कुटुंबांस सुटींत गांवीं जावयाचें आहे, त्यांनीं आपल्या कोळंब्या आमच्या पेटींत आणून द्याव्या, जागा आहे. सीना नदींत मात्र कोणींही कांहीं सोडूं नये. हे परके जीव तेथें जगले तरी अनर्थ आणि मेले तरी अनर्थ.