वडशाच्या वाटेवरचा आरोपी

दिवाळी सरते न सरते तोच पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस येतात. दिवसा बाजार, रात्री नाटक, आणि वडशाच्या नाटक कंपन्यांच्या गाड्या कोहमाऱ्याच्या चौकातून गावोगावी निघालेल्या. पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकांनाही याच सुमारास ऊत येतो. मोहफुलांचा सडवा नष्ट, हातभट्टीची दारू जप्त, आरोपीवर दारूबंदी कायद्याच्या कलम ६५ खाली गुन्हा. पंच म्हणून सही करणाऱ्याच्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा असतो, ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

कोहमारा हे नाक्याचं गाव. मुंबई-कोलकाता महामार्ग आणि गोंदियाहून वडशाकडे जाणारा रस्ता इथे एकमेकांना छेदतात. गोंदिया जिल्ह्यात परवान्याच्या दुकानात दारू मिळते. नवेगावबांध, अर्जुनी मोरगाव मागे टाकून वडशाला पोचलं की गडचिरोली जिल्हा लागतो, आणि तिथे १९९३ पासून दारूबंदी आहे. अर्जुनीत रोख मोजून घेतलेला पव्वा खिशात ठेवून एसटीत डुलकी लागली, तर जाग येईपर्यंत प्रवाशाचा आरोपी झालेला असतो.

ही बंदी फुकटची आलेली नाही. मार खाल्लेल्या, घरातलं धान्य दारूपायी विकलं गेलेलं पाहिलेल्या बायका तिच्यासाठी रस्त्यावर उतरल्या होत्या. व्यसनी माणसाकडे सहानुभूतीने पाहा म्हणताना त्या बायकांना विसरलं, तर ती सहानुभूती खोटी. पण गडचिरोलीनेच पुढे आणखी एक गोष्ट शिकवली. २०१६ मध्ये डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने शासनाच्या साथीने 'मुक्तिपथ' हे अभियान सुरू केलं. तालुक्याला दवाखाना, गावात व्यसन उपचार शिबिर. बंदी असूनही पिणारे उरतात आणि त्यांना ठाण्याइतकीच डॉक्टरांची गरज असते, याची ती कबुली होती. एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत दिसलं की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसलातरी उपचार मिळतो. बाकीच्यांपैकी किती जणांची गाठ डॉक्टरांआधी हवालदाराशी पडत असेल?

ती गाठ जिवावरही बेतू शकते. रोज पिणाऱ्याला कोठडीत टाकलं की दारू एकदम तुटते. काही तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. दोन-तीन दिवसांत काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, फिट येते. वैद्यकशास्त्राच्या लेखी ही तातडीने उपचार करण्याची अवस्था आहे. कोठडीच्या गजाबाहेरून मात्र ते नाटक वाटतं. 'बेवडा आहे, सोंग करतोय' म्हणून तोंड फिरवलं की उपचाराची वेळ हातातून जाते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांमुळे उद्भवणाऱ्या मानसिक अवस्था आजारात धरल्या आहेत. ठाण्याच्या भाषेपर्यंत तो कायदा पोचायचा आहे.

गांजा-गर्दच्या बाबतीत कायदा तर आणखी पुढे गेलेला आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याचं कलम ६४-अ सांगतं की सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालणार नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत जाऊ शकते. कलम ३९ प्रमाणे दोषी ठरलेल्यालाही न्यायालय शिक्षेऐवजी उपचाराला पाठवू शकतं. पण रोजंदारी बुडवून कोर्टात उभ्या राहिलेल्या पोराला हे सांगणार कोण? गुन्हा कबूल, दंड भरला, मोकळा. पुढे सिक्युरिटीच्या नोकरीसाठी किंवा पोलीस भरतीसाठी चारित्र्य पडताळणीची वेळ आली की तोच दंड पुन्हा समोर उभा राहतो.

उपचाराच्या वाटेची टिंगलही होते. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात आलिशान गाडीने दोघांचा बळी घेतला. गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला जामीन देताना घातलेली तीनशे शब्दांच्या निबंधाची अट देशभर गाजली. लोकांचा संताप रास्तच होता. पण त्याच अटींत समुपदेशनही होतं, आणि निबंधासोबत त्याचीही टिंगल झाली. उपचार म्हणजे श्रीमंताची पळवाट, हा समज तेव्हा आणखी घट्ट झाला. पुण्यातच १९८६ पासून 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र चालतं, आणि तिथे एकेकाळी स्वतः व्यसनात बुडालेली माणसं समुपदेशक म्हणून काम करतात, हे त्या गदारोळात कुणी आठवलं नाही.

कोहमारा ज्या सडक अर्जुनी तालुक्यात आहे, तिथे व्यसनी आरोपीला उपचाराकडे वळवण्याची सुरुवात करायला नवा कायदा लागत नाही. अटकेनंतर वैद्यकीय तपासणी होतेच. त्या कागदावर 'शेवटची दारू कधी घेतली?' एवढा एक प्रश्न वाढवता येईल. कलम ६४-अ सोप्या मराठीत लिहून ठाण्यात आणि कोर्टाच्या व्हरांड्यात लावता येईल. आरोपीने गुन्हा कबूल करण्याआधी विधी सेवा समितीच्या वकिलाने ते त्याला वाचून दाखवावं.