आनंद मेळाव्याची चिक्की आणि तिचा हिशेब



खरिपाची रास घरात येऊन पडली, रब्बीची ज्वारी हुरड्याला आली, की खेड्यापाड्यांतल्या शाळांमधून बाल आनंद मेळाव्याची गडबड सुरू होते. मुले एक दिवस दप्तर बाजूला ठेवून दुकाने थाटतात, आईबाप गिऱ्हाईक होऊन जातात आणि गुरुजी सुट्या पैशांची पिशवी घेऊन मोड देत फिरतात. कुठे त्याला आनंदनगरी म्हणतात, कुठे बालबाजार. नाव काही असो, आदल्या दिवशी दिवेलागणीला घरोघरी प्रश्न एकच असतो, "आई, उद्या मी काय विकू?"

नोकरीनिमित्त मला दर साली अशा चार-पाच मेळाव्यांचे बोलावणे येते. बक्षीस वाटायला कुणीतरी साहेब लागतो, आणि कृषी खात्याचा साहेब गावाला सर्वांत जवळ पडतो. तेव्हा पुष्कळ दुकाने पाहून झाली आहेत. निम्म्या टेबलांवर किराणा दुकानातून आणलेली कुरकुरीत पाकिटे असतात; दहाला आणायची, बाराला विकायची. उरलेल्यांत पाणीपुरी आणि वडापाव. वडापावाला माझी ना नाही, पण पाणीपुरीचे पाणी कुठले, त्यात किती हात बुडाले, हे पाहिले की जीव धास्तावतो. ज्या घरात भुईमूग, तीळ, ज्वारी पिकते, त्या घरच्या मुलाने कारखान्याचे पाकीट विकायला बसावे, हेही मनाला लागते.

मेळाव्याचा पदार्थ निवडताना तो आदल्या दिवशी करता आला पाहिजे, उन्हात चार तास टिकला पाहिजे, आणि चमच्यावाचून हातात धरून खाता आला पाहिजे. म्हणून दुधाचे, ओल्या खोबऱ्याचे पदार्थ नकोत. या सगळ्याला उतरणारी पहिली वस्तू म्हणजे शेंगदाण्याची चिक्की.

चिक्कीचे निम्मे काम चुलीवर नसून ताटात असते, ते म्हणजे दाणे निवडणे. काढणीच्या वेळी शेंगा पावसात सापडल्या किंवा पुरत्या न वाळवता पोत्यात भरल्या, तर दाण्यावर पिवळट हिरवी बुरशी धरते. ही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. ते यकृताला घातक आहे, आणि दाणे भाजले तरी ते पुरते जात नाही. शेंग कानाशी नेऊन हलवली आणि आतला दाणा खुळखुळला, तर वाळवण ठीक झाली असे समजावे. फोडल्यावर दाणे ताटात पसरून सुरकुतलेले, काळपट, कोंब फुटलेले, कुबट वासाचे सगळे वेचून काढावेत. वेचलेले दाणे म्हशीच्या आंबोणात मात्र टाकू नयेत. जनावराने खाल्लेले हे विष दुधात उतरते, आणि ते दूध आपलीच पोरे पितात. उकिरड्यावर टाकले तर कोंबड्या टिपतात. खड्डा करून पुरावेत, हे उत्तम. शेंगा फोडायला आणि निवडायला घरातल्या बाप्यांनीही बसावे, त्यात कमीपणा काही नाही.

असे निवडलेले अर्धा किलो दाणे मंद आचेवर खमंग भाजावेत, चोळून साले पाखडून टाकावीत, आणि पोळपाटावर हलके लाटणे फिरवून दाण्यांच्या पाकळ्या कराव्यात. चिक्कीचा गूळ म्हणून वेगळा मिळतो, नसेल तर घरचा कडक गूळ चालतो. पिवळाधमक गूळ पाहून भुलू नये. काही गुऱ्हाळांवर रंग उजळवण्यासाठी हायड्रॉसची पावडर टाकतात. त्यापेक्षा तांबूस-तपकिरी गूळ बरा. जाड बुडाच्या कढईत चमचाभर तूप घालून त्यात चारशे ग्रॅम चिरलेला गूळ टाकावा. पाणी घालायचे नाही. गूळ विरघळेल, फेस येईल, फेसाचा रंग गडद होईल. आता शेजारी वाटीत गार पाणी घेऊन त्यात पाकाचा थेंब टाकावा. बोटाने ओढला असता तो ताणला गेला, तर पाक कच्चा आहे. चिक्की दाताला चिकटेल. थेंब कटकन मोडला आणि वाटीवर टाकल्यावर टण्ण वाजला, की झाला. लगेच कढई उतरवून दाणे आणि वेलदोड्याची पूड टाकावी, भराभर ढवळावे, तूप लावलेल्या पाटावर ओतून तूप लावलेल्या लाटण्याने लाटावे, आणि गरम असतानाच सुरीने वड्या पाडाव्यात. गार झाल्यावर वड्या पडत नाहीत, तुकडे पडतात. घट्ट झाकणाच्या डब्यात भरल्या नाहीत, तर रात्रीच्या दवानेही त्यांना पाणी सुटते.

पाकाचे काम मुलांच्या हाती देऊ नका. उकळत्या पाण्यापेक्षा पाकाचा चटका वाईट, कारण तो कातडीला चिकटून राहतो. चुकून भाजलेच, तर पंधरा-वीस मिनिटे साध्या गार पाण्याची धार धरावी. तूप, हळद, टूथपेस्ट असले काही लावू नये.

दुसरी वस्तू ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा. नागपंचमीला आपण लाह्या करतो आणि मग वर्षभर विसरतो. २०२३ साल संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय पौष्टिक तृणधान्य वर्ष म्हणून पाळले. आपल्या आजीने कढईत फोडलेली लाही आता शहरात पाकिटातून विकत मिळते. सगळीच ज्वारी सारखी फुटत नाही. कठीण दाण्याची चांगली फुटते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने तर लाह्यांसाठी 'फुले पंचमी' नावाचे वाणच दिले आहे. ते नसेल तर घरातल्या ज्वारीची मूठभर आधी फोडून पाहावी. ज्वारी कडकडीत पाण्यातून काढून निथळावी, रात्रभर कापडात गुंडाळून ठेवावी, सकाळी जराशी सुकवून तापलेल्या कढईत एकेक मूठ टाकावी आणि कापडाच्या बोळ्याने फिरवावी. दाण्यात मुरलेल्या पाण्याची वाफ होते आणि तीच दाणा फोडते, म्हणून फार सुकवलेली ज्वारी फुटत नाही आणि फार ओली असली तर नुसती भाजते. फोडणीत शेंगदाणे, कढीपत्ता, मिरची, हळद, हिंग घालून ती जरा निवू द्यावी आणि मगच लाह्यांवर घालावी. कढत फोडणीने लाह्या मऊ पडतात. मीठ आणि चिमूटभर पिठीसाखर शेवटी.

नाचणीच्या लाडवांविषयी फार सांगायला नको, कोकणातल्या आणि मावळातल्या भगिनी माझ्यापेक्षा चांगले करतात. दोन वाट्या पिठाला पाऊण वाटी तूप आणि वाटीभर किसलेला गूळ. पीठ मंद आचेवर वीस मिनिटे तरी भाजावे, नाहीतर कच्चट लागते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. भात आणि गहू त्याच्या जवळपासही येत नाहीत.

ज्यांना भाजलेले बिस्कीट हवे, त्यांनी नानकटाई करावी. दिवाळीला गावच्या बेकरीत पीठ-तूप-साखर घेऊन जाणाऱ्यांना हे नवीन नाही. घरी करायची तर जाड कढईत दोन बोटे वाळू किंवा खडेमीठ घालून वर झाकण ठेवून दहा मिनिटे तापवावे. एक वाटी गव्हाचे पीठ, अर्धी वाटी नाचणीचे, अर्धी बेसनाचे, एक वाटी पिठीसाखर, चिमूटभर खाण्याचा सोडा आणि गोळा वळेल इतके घट्ट तूप. पाऊण वाटीच्या आसपास लागते. चपटे गोळे तूप लावलेल्या ताटलीत दूरदूर मांडून, ती ताटली वाळूत ठेवलेल्या तिवईवर ठेवावी आणि मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे झाकावी. गरम असताना ती हाताला मऊ लागते. निवली की खुसखुशीत होते, म्हणून उलथण्याची घाई करू नये.

बांधून द्यायला वर्तमानपत्राचा कागद नको. छपाईची शाई पोटात जाते, आणि २०१६ साली अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही तशी सूचना काढली आहे. पातळ प्लास्टिकच्या पिशव्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. पळसाचे द्रोण नाहीतर कोऱ्या कागदाच्या पुड्या कराव्यात. दाण्याच्या पदार्थावर 'शेंगदाणा आहे' अशी चिठ्ठी जरूर लावावी, कारण काही मुलांना शेंगदाणा मुळीच सोसत नाही.

आता हिशेब. खरे तर आजचे पत्र लिहायला बसलो ते यासाठीच.

गेल्या हिवाळ्यात सोलापूरकडच्या एका शाळेत सहावीतल्या मुलीने फळ्यावर आपल्या दुकानाचा हिशेब मांडला. चिक्कीच्या चाळीस वड्या, पाच रुपयांना एक, विक्री २०० रुपये. खर्च गुळाचे २० रुपये. नफा १८० रुपये. टाळ्या झाल्या. मी हळूच विचारले, "बाळ, दाण्यांचे पैसे?" मुलगी आजीकडे पाहू लागली. आजी म्हणाली, "आवो सायेब, दाणं घरचंच हाईत. त्येला कसला आलाय पैसा?"

या वाक्यावर आपली सगळी शेती चाललेली आहे.

तोच हिशेब पुन्हा करू. भाव तुम्ही आपल्या गावचे धरा. दाणे समजा १४० रुपये किलो, म्हणजे अर्ध्या किलोचे ७० रुपये. ते घरात होते म्हणून फुकटचे ठरत नाहीत. बाजारात नेले असते तर पैसे झालेच असते. गूळ २०. तूप-वेलदोडे १०, जळण १०, कागद १०. झाले १२०. विक्रीतून वजा करता उरले ८०. आता आईचे दोन तास. तिने ते खुरपणीला दिले असते तर? आठ तासांच्या दिवसाची मजुरी ३०० धरली, तर दोन तासांचे ७५ रुपये. हाती राहिले पाच रुपये.

१८० कुठे आणि ५ कुठे. मधले १७५ रुपये कुणीतरी दिले होते, फक्त ते फळ्यावर आले नाहीत. त्यातले ७५ आईचे होते.

दिल्लीचा कृषी खर्च व मूल्य आयोग पिकाचा खर्च काढतो, तेव्हा त्याचेही असेच रकाने असतात. प्रत्यक्ष झालेला खर्च म्हणजे ए-२. त्यात घरच्या माणसांच्या श्रमाचे मोल मिळवले की ए-२ अधिक एफएल. त्यापुढे स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज धरले की सी-२. हमीभाव यांतल्या कोणत्या रकान्यावर बांधायचा, यावरून देशात किती वर्षे वाद चालला आहे ते आपण जाणताच. पण घरातल्या श्रमाचा रकाना आपण स्वतःच कोरा ठेवतो, तर दुसऱ्याने तो का भरावा?

तेव्हा या मेळाव्याला मुलाच्या हाती पदार्थाच्या डब्याबरोबर एक वही द्या. दाणे तागडीत तोलून त्यालाच लिहू द्या. आई चुलीपाशी कधी बसली आणि कधी उठली, ते घड्याळ पाहून लिहू द्या. स्वतः दाणे निवडायला बसला असेल, तर तेही मांडू द्या. मग वडी पाचाऐवजी सहाला विकायची, की त्याच दोन तासांत दुप्पट चिक्की काढायची, हे त्याचे त्यालाच ठरवू द्या. दुसऱ्या खेपेला चूल तापलेलीच असते, हे त्याला आपोआप कळेल. नफा पाचच रुपये निघाला तर गुरुजींनी त्याला मागे बसवू नये, ही विनंती.

एक सूचना राहिली. ज्यांना पाण्याची सोय आहे आणि जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून उन्हाळी भुईमूग पेरायचा आहे, त्यांनी बियाण्याच्या टपोऱ्या शेंगा आजच वेगळ्या काढून, पोत्याला चिठ्ठी बांधून, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवाव्यात. त्या शेंगा पेरणीआधी आठ-दहा दिवसच फोडायच्या आहेत. बीजप्रक्रियेविषयी पुढील अंकी लिहीन.