विश्लेषण : एसी मेकॅनिक व्हायचे, तर सुरुवात कुठून?

नागपूरकरांचे उन्हाळे वर्षानुवर्षे वाळ्याच्या ताट्यांच्या कूलरवर निघाले. आता अमरावती मार्गावरच्या वाडीतही इमारतींच्या भिंतींवर एसीची युनिट दिसतात. पारा ४५ अंशांपुढे गेला की मेकॅनिकचा फोन लागत नाही. दहावी झालेल्या मुलांना हे काम म्हणूनच खुणावते. मात्र त्यात शिरायची वाट कोणती, यावर पुढची कमाईच नव्हे, जीवही अवलंबून असतो.

हेल्पर की आयटीआय?

बहुतेक मुले उस्तादाच्या हाताखाली हेल्पर म्हणून लागतात. युनिट चढवणे, जाळी धुणे एका हंगामात जमते. बिघाड कशामुळे झाला, हे मात्र कोणी समजावून सांगत नाही. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. दहावीनंतर ऑनलाइन प्रक्रियेतून प्रवेश होतो. पुढे कारखान्यात विद्यावेतनासह शिकाऊ उमेदवारी करता येते. वाडीच्या मुलांना हिंगणा एमआयडीसी त्यासाठी जवळची.

‘गॅस भरून देतो’ म्हणजे काय?

ग्राहकांच्या ओळखीचे हे वाक्य. पण एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही, बंद नळ्यांतून फिरत राहतो. तो कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. ती न शोधता भरलेला गॅस काही दिवसांत पुन्हा उडतो आणि ग्राहकही जातो. जाणता कारागीर नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने गळती शोधतो, ती बुजवतो, मग व्हॅक्युम पंप लावतो. नायट्रोजन नाही म्हणून ऑक्सिजन भरणे जीवघेणे आहे. कॉम्प्रेसरमधल्या तेलाशी त्याचा संयोग होऊन स्फोट होऊ शकतो.

धोका आणखी वाढला आहे. ओझोनला घातक असलेला जुना आर-२२ भारतात टप्प्याटप्प्याने बंद होत आहे. त्याच्या जागी आलेला आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे, तर काही एसींतला आर-२९० म्हणजे चक्क प्रोपेन. जुन्या सवयीने, गॅस पुरता न काढता नळीला ज्योत लावणे आता परवडणारे नाही.

उन्हाळा संपल्यावर काय?

पावसाळ्यात घरगुती एसीची कामे ओसरतात. फ्रीज, डीप फ्रीझर, शीतगृहे आणि रुग्णालयांचे काम बारमाही असते. ते येणाऱ्याला रिकामे बसावे लागत नाही. शिक्षण सुटलेल्या, पण काही वर्षे हेल्परकी केलेल्यांसाठी प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वानुभवाच्या आधारे चाचणी देऊन प्रमाणपत्र मिळवण्याची तरतूद आहे.