पावसात न दिसलेला घाम

पावसाळ्यात परदेशवारी स्वस्त पडते, म्हणून गेल्या सप्टेंबरात मी आईला घेऊन कंबोडियातील अंगकोरचे भग्नावशेष पाहावयास गेले. आईचे वय ७६, मधुमेह जुना. तिला ता प्रोह्म पाहावयाचे होते. महाकाय वृक्षांच्या मुळांनी भिंती कवटाळलेले हे मंदिर सातव्या जयवर्म्याने बांधले व ११८६ मध्ये तेथे आपल्या मातेची मूर्ती प्रज्ञापारमितेच्या रूपात स्थापिली. तेथील संस्कृत शिलालेखात राज्यातील १०२ आरोग्यशालांचा उल्लेख आहे. डॉक्टरला तरी याहून मोठे तीर्थ कोणते?

सकाळी सात वाजता टुकटुकने निघालो. नऊपर्यंत परतून नाश्ता करावयाचा, असा बेत. आईने मात्र मधुमेहाची गोळी नेहमीच्या वेळी, साडेसहालाच घेतली होती. मी पाहिले आणि काही बोलले नाही. ही चूक सर्वस्वी माझी.

परतताना आभाळ फाटले. रस्त्यावर गुडघाभर पाणी. टुकटुकच्या इंजिनात पाणी शिरले आणि ते बंद पडले. चालकाने दुसरे वाहन मागविले, पण तेही वाटेत अडकले. आम्ही एका बंद दुकानाच्या पडवीत उभ्या राहिलो. साडेदहा झाले. आई नखशिखांत भिजलेली, अंगाला कंप. मी तिला शालीत गुंडाळले. थोड्या वेळाने तिने विचारले, ‘‘अगं, आपली एसटी कधी सुटणार?’’ मी हसले; मला थट्टा वाटली. तिने पुन्हा तेच विचारले, तेव्हा माझे हसू विरले.

रक्तातील साखर घसरली की हातपाय कापतात, छातीत धडधडते, दरदरून घाम फुटतो, मग बुद्धी भ्रमते. आई रक्तदाबासाठी मेटोप्रोलोल घेते. या वर्गातील औषधे धडधड व कंप झाकून टाकतात. घाम तेवढा उरतो. भिजलेल्या माणसाचा घाम कसा ओळखावा? उरलासुरला कंप मी थंडीच्या खाती जमा केला होता. तीस वर्षे रुग्ण तपासणारी मी, आणि आईच्या कपाळावरचे थेंब मला पावसाचेच वाटले.

साखर मोजण्याचे यंत्र हॉटेलात होते. अशा वेळी यंत्राची वाट पाहू नये. चालकाकडे गोड शीतपेयाची बाटली होती. ती मी आईला घोटाघोटाने पाजली. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली तरी चालते. पंधरा मिनिटांत सुधारणा नसेल तर पुन्हा द्यावे. ‘डाएट’ पेय मात्र निरुपयोगी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवून तातडीने मदत मागवावी. शुद्ध आली की जेवण द्यावेच. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीचा अंमल दिवसभर टिकतो, मूत्रपिंडे दुबळी असल्यास अधिकच. त्यामुळे साखर पुन्हा उतरू शकते. त्या रात्री दोनदा गजर लावून मी तिची साखर तपासली.

आता प्रवासात औषधे, यंत्र, साखरेची पुडी आणि बिस्किटे आईच्या खांद्यावरच्या पिशवीत असतात. वाहनाच्या डिकीत नाही. तपासपट्ट्यांची डबी घट्ट बंद हवी, दमटपणाने त्या बिघडतात. बोटही कोरडे करूनच टोचावे. ओल्या बोटावर रक्त पातळ होऊन आकडा चुकतो. साचलेल्या पाण्यातून चालावे लागले तर पाय साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्या पुसाव्यात, तळवे निरखावेत. मधुमेहात पायाला जखम कळत नाही आणि अशा पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना हा प्रवास आवर्जून सांगावा.

आईचा सगळा राग माझ्यावरच होता, पावसावर नव्हता. दुसऱ्या दिवशीही तो कोसळतच होता. ती हॉटेलच्या भोजनगृहात गोळी मुठीत धरून बसली आणि नाश्ता पुढ्यात आल्यावरच ती घेतली. मग म्हणाली, ‘‘त्या एकशे दोन दवाखान्यांचा शिलालेख कुठे ठेवलाय, विचार बरं कोणाला तरी.’’