मधल्या किमतीचे पॅडल आणि आपले कोपर

पिकलबॉल खेळणारी मंडळी अलीकडे मला औषधाऐवजी दुकानातल्या मालाबद्दल विचारू लागली आहेत. प्रश्न साधारण एकच असतो. सुरुवातीला घेतलेले स्वस्त पॅडल आता पुरेनासे झाले आहे, तीन ते सहा हजारांच्या दरम्यानचे घ्यायचे आहे, तर कोणते घ्यावे? आरोग्याच्या सदरात याचे उत्तर कशाला, असे कोणी म्हणेल. पण विचारणारे बहुतेक जण चाळिशी ओलांडलेले आहेत. ज्या हाताने ते खेळतात त्याच हाताने खापरखेड्याच्या वीज केंद्रात पाळीवर पाना फिरवायचा असतो, वेकोलिच्या खाणीत काम करायचे असते किंवा घरी कणीक मळायची असते. कोपर दुखू लागले की खेळ तर सुटतोच, रोजचे कामही अडते.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 1965 साली अमेरिकेतील बेनब्रिज बेटावर तीन मित्रांनी तो सुरू केला. भोकाभोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू, जाळी नसलेली फळीसारखी बॅट, म्हणजेच पॅडल, आणि मधोमध 34 इंच उंचीचे नेट. मैदान 44 फूट लांब आणि 20 फूट रुंद, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरीच्या मैदानाएवढेच. बॅडमिंटनला एके काळी आपल्या पुण्यावरून ‘पूना’ म्हणत, हे अनेकांना माहीत असेल. पिकलबॉल भारतात रुजवण्याचे श्रेयही एका मराठी माणसाकडे, मुंबईच्या सुनील वालावलकरांकडे जाते. 2008 मध्ये अखिल भारतीय संघटना स्थापन झाली ती त्यांच्याच पुढाकाराने. धावपळ बेताची असल्याने मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांना मी हा खेळ आवर्जून सुचवतो. म्हणूनच केवळ चुकीच्या पॅडलमुळे कोणी तो सोडला की मला हळहळ वाटते.

सुरुवातीची पॅडल प्लायवूडची असत. 1984 मध्ये बोइंग कंपनीतील अभियंता आर्लेन परांटो यांनी विमानाच्या फरशीसाठी वापरतात तो मधाच्या पोळ्यासारखा पोकळ, हलका पत्रा कापून पॅडल केले. आजही रचना तीच आहे. आत प्लॅस्टिकची षटकोनी घरे आणि दोन्ही बाजूंनी फायबरग्लास किंवा कार्बन फायबरचा पातळ थर. किमतीतला फरक बराचसा या वरच्या थराचा, आणि उरलेला नावाचा!

आता निवडीकडे वळू. मी सर्वांत आधी वजन पाहतो. नवशिकेपण संपलेल्या खेळाडूने 220 ते 230 ग्रॅमच्या आसपासचे पॅडल घ्यावे, असे माझे मत आहे. 240 ग्रॅमच्या पुढे गेले की नेटजवळ चटकन हात फिरवताना मनगट आणि कोपरावर ताण येतो. मग फार हलके घ्यावे काय? तेही नको. 200 ग्रॅमचे पॅडल दुकानात हातात घेताना छान वाटते, पण चेंडूचा धक्का ते स्वतः फारसा पेलत नाही. तो हातात उतरतो, आणि चेंडू लांब जावा म्हणून माणूस अधिक जोराने हात फिरवतो. वेष्टनावरच्या आकड्यावर विसंबू नका. एकाच नावाच्या दोन पॅडलमध्ये पाच-सात ग्रॅमचा फरक सहज निघतो. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर टाकून पाहायला कोणी हरकत घेत नाही. चार-पाच ग्रॅम कमी भरले तर पुढे कडेला शिशाची पट्टी चिकटवून वजन वाढवता येते, कमी मात्र करता येत नाही.

त्यानंतर जाडी. बाजारात 13, 14 आणि 16 मिलिमीटर जाडीची पॅडल मिळतात. पातळ पॅडलवरून चेंडू सुसाट निघतो, जाड पॅडलवर तो क्षणभर थबकल्यासारखा वाटतो आणि ताब्यात राहतो. मधल्या पातळीच्या खेळाडूचे गुण जातात ते चेंडू बाहेर मारल्यामुळे. नेटपासून सात फुटांच्या पट्ट्याला ‘किचन’ म्हणतात. तिथे टाकायचे जे हळुवार टोले, त्यांना ‘डिंक’ म्हणतात (आपल्या लाडवातला नव्हे), ते अजून त्याच्या हातात बसलेले नसतात. त्याला 16 मिलिमीटरच बरे. आकारही नेहमीचाच घ्यावा, सुमारे 16 इंच लांब आणि 8 इंच रुंद. लांबट पॅडल सध्या फॅशनमध्ये आहे, पण त्याचे वजन हातापासून दूर जाते आणि चेंडू नीट मध्यावर बसला नाही की मूठ हातात पिळवटते. वरच्या थराबाबत मी फार आग्रही नाही. खरखरीत कार्बनवर चेंडूला फिरकी चांगली मिळते, मात्र नियमित खेळणाऱ्याच्या हातून ती खरखर काही महिन्यांत झिजते. फायबरग्लासवर जोर जास्त मिळतो. कोपराची तक्रार आधीपासून असेल तर मी कार्बनकडे झुकेन.

मुठीकडे आपल्याकडे कोणी पाहतच नाही. तळहाताच्या मधल्या रेषेपासून अनामिकेच्या टोकापर्यंतचे अंतर मोजा, मुठीचा घेर साधारण तेवढा हवा. बहुतेकांना सव्वाचार इंचांच्या आतबाहेरचा चालतो. दोन मापांच्या मध्ये अडलात तर बारीक घ्या. वरून पट्टी गुंडाळून मूठ जाड करता येते, तासून बारीक करणे कठीण. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामाने मूठ निसटते, मग माणूस ती आवळून धरतो आणि दुखण्याचे मूळ पुष्कळदा तिथेच असते. वरची पट्टी स्वस्त असते, ती वेळोवेळी बदलावी.

विकत घेताना बोटाच्या पेराने पॅडलवर सगळीकडे टिचक्या माराव्यात, जशा माठ घेताना मारतो. एखाद्या जागी आवाज बद्द आला तर आतली घरे दबली आहेत किंवा थर सुटला आहे असे समजावे. पुढे घरी आणल्यावर ते भर मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या स्कूटरच्या डिक्कीत ठेवू नये, थर चिकटवलेले असतात आणि उष्णतेने सुटू शकतात.

पंधरा-वीस हजारांच्या पॅडलबद्दलही विचारणा होते. ज्याला वरच्या दर्जाच्या स्पर्धा खेळायच्या आहेत त्याने खुशाल घ्यावे. बाकीच्यांनी त्यातले दहा हजार वाचवून बाजूला पळण्यासाठी केलेले, कोर्टचे बूट घ्यावेत. नुसते सरळ धावण्याचे उंच तळव्याचे बूट घालून आडवे पळताना घोटा मुरगळतो. आणि एक डोळ्यांचा चष्मा, न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेट काचेचा. दोन्ही बाजूंचे खेळाडू किचनच्या रेषेवर आले की त्यांच्यात अंतर जेमतेम 14 फुटांचे असते. तेवढ्यातून आलेला चेंडू डोळ्यावर बसला तर इजा गंभीर होऊ शकते.

एवढे सांभाळूनही कोपर धरलेच तर? कोपराच्या बाहेरच्या बाजूला दाबून दुखणे, भरलेला तांब्या उचलताना किंवा ओले कपडे पिळताना कळ येणे, ही ‘टेनिस एल्बो’ची खूण. नाव टेनिसचे असले तरी हा त्रास होणाऱ्या बहुतेकांनी टेनिस कधी खेळलेले नसते. मनगट मागे वळवणाऱ्या स्नायूंची कंडरा हाडाला जिथे चिकटते तिथे ती झिजते. काही आठवडे जोराचे टोले बंद ठेवावेत, हात मात्र पूर्ण बांधून ठेवू नये. दुखरा हात टेबलावर पालथा ठेवून मनगट कडेबाहेर काढा, हातात पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली धरा, दुसऱ्या हाताने मनगट वर उचला आणि मग दुखऱ्या हाताच्या जोरावर ते सावकाश खाली सोडा. दहा-पंधरा वेळा, दिवसातून दोनदा. थोडे दुखेल, ते चालते. कित्येक जण पहिल्या भेटीतच स्टेरॉइडचे इंजेक्शन मागतात. त्याने काही आठवडे बरे वाटते हे खरे, परंतु वर्षभराचा हिशेब पाहिलेल्या अभ्यासांत इंजेक्शन घेतलेल्यांचे दुखणे अधिक उलटलेले आढळले आहे. मी ते सहसा देत नाही.

हाताला मुंग्या येत असतील, बोटांतली पकड सुटत असेल किंवा कळ मानेतून उतरत असेल, तर मात्र दुखणे कोपराचे नसून मानेतल्या शिरेचे असू शकते. अशा वेळी बाटलीचा व्यायाम थांबवून आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.