समोर बसलेला माणूस



दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या व्यापारी घरांत ठरलेली चर्चा होते : सी.ए. करावे, की दुकानात बसावे? अलीकडे मात्र एखादी मुलगी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा उत्तम श्रेणीत उत्तीर्ण होते आणि कला महाविद्यालयात जाण्याचा हट्ट धरते. अशा मुलीचे वडील फीविषयी फारसे विचारीत नाहीत. आवाज खाली आणून विचारतात, "तिथे म्हणे जिवंत माणसाला समोर बसवून चित्र काढायला लावतात. आपल्या घराला हे शोभेल का?" प्रश्न प्रामाणिक आहे, उत्तरही तसेच हवे.

शालेय परीक्षेत समोर घागर, फळे, पुस्तके असतात. घागर थकत नाही, माणूस थकतो. पंधरा मिनिटांत मान कलते, खांदा उतरतो. विश्रांतीनंतर तीच बैठक साधावी म्हणून पावलांभोवती खडूने खुणा कराव्या लागतात. मोठी अडचण मात्र विद्यार्थ्याच्या मनातच असते. माणसाचे डोळे डोक्याच्या जवळजवळ मध्यावर असतात, तरी नवशिका ते कपाळाकडे सरकवतो. उभ्या माणसाची उंची साधारण सात ते साडेसात डोक्यांइतकी भरते. ती हात लांब करून पेन्सिलीने मोजावी लागते. शरीराचा भार कोणत्या पायावर आहे हे हुकले, तर कागदावरचा माणूस कोसळू लागतो. मनाला वाटते ते न काढता दिसते तेच काढणे, हीच खरी शिकवण. ताळेबंद लिहिणाऱ्यास ती परकी वाटू नये.

ही पद्धत नवी नाही. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची स्थापना १८५७ ची. पूर्वी तेथे पाश्चात्त्य शिल्पांच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृतींवरून अभ्यास चाले; पहिल्या महायुद्धानंतर ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत जिवंत मॉडेलवरून रेखाटन रुजले. शंभर वर्षे लोटली, तरी समाजाचा संकोच ओसरलेला नाही. मुलाच्या शिक्षणासाठी मॉडेल होणाऱ्या आईची कथा सांगणारा रवी जाधव यांचा 'न्यूड' हा चित्रपट नोव्हेंबर २०१७ मध्ये, परीक्षकांनी निवडलेला असूनही, गोव्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवातून वगळला गेला. एप्रिल २०१८ मध्ये तो प्रदर्शित झाला.

आपल्या शहरापासून तासाभराच्या अंतरावर वेरूळ आहे. तेथील ३० ते ३४ क्रमांकांच्या जैन लेण्यांत इंद्रसभेतील बाहुबली कायोत्सर्गात उभे आहेत. वेली अंगावर चढल्या आहेत, तरी देह निश्चल. त्या मूर्तीपुढे आपली दृष्टी आपोआप नम्र होते. अर्थात ही तुलना फार ताणू नये. तेथील दिगंबरत्व वैराग्याचे; मॉडेलचे बसणे पोटासाठी. परंतु दृष्टी घडवावी लागते, एवढे तरी वेरूळ शिकवते.

आपण सामायिकाला बसतो ते ४८ मिनिटे. शेवटी शेवटी गुडघे काय म्हणतात, ते प्रत्येकाला ठाऊक आहे. मॉडेल मात्र मध्ये थोडी विश्रांती घेत दिवसभर बसते, तेही अनेक परक्या नजरांसमोर. व्यक्तिचित्राच्या वर्गात ती वस्त्रांतच असते, तरी कित्येकींना आपले काम शेजाऱ्यापाजाऱ्यांपासून लपवावे लागते. आपल्या घराला शोभेल का, असे विचारताना त्या स्त्रीलाही घर आहे, हे आपण विसरतो.

म्हणून त्या वडिलांना माझे सांगणे असे. प्रवेशापूर्वी महाविद्यालयात तीन गोष्टी विचाराव्यात. मॉडेलला स्वतंत्र खोली व पुरेशी विश्रांती मिळते का? वर्गात मोबाइलला मनाई आहे का? तिचे मानधन वेळेवर दिले जाते का? ही तिन्ही उत्तरे समाधानकारक असतील, तर तेथे आपली मुलगीही सुरक्षित राहील आणि माणसाचा मान राखायला शिकेल. नसतील, तर दुसरे महाविद्यालय शोधावे. मुलीची पेन्सिल काढून घेऊ नये.

तोवर सराव घरीच करता येईल. हाती माळ घेऊन बसलेली आजी आहेच. तिची परवानगी घेऊन मुलीने वीस मिनिटांत तिचे चित्र काढावे. मग एकदा वडिलांनीही तसेच न हलता बसून पाहावे. स्थिर बसण्याचे मोल त्यांना त्या वीस मिनिटांत कळेल.