शेवटल्या डावाचा गोलंदाज

बेसबॉलचा खेळ आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांनीं पाहिला असेल. पण जपानांत त्याचें वेड आपल्याकडील क्रिकेटच्या वेडाहून तिळभरही कमी नाहीं. नऊ डावांच्या या खेळांत पहिला गोलंदाज थकला म्हणजे दुसरा येतो, आणि आघाडी थोडी असली तर शेवटला डाव राखण्यास एक खास मनुष्य ठेवलेला असतो. पंगती उठल्यावर स्वयंपाकघराची झांकपाक करणाऱ्या बाईसारखें त्याचें काम! नीट झालें तर कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं. मांजरानें दूध सांडलें कीं मात्र घरभर तिच्या नांवाचा पुकारा होतो.

नागोया येथील चुनिचि ड्रॅगन्स संघाचा हितोकि इवासे हा असाच गृहस्थ. जन्म १९७४ चा, आइचि प्रांतांतला. डावखुरा, त्याचा चेंडू सरळ येतो असें वाटतां वाटतां ऐन वेळीं आडवा सरके. १९९९ सालीं तो प्रथम उतरला तेव्हां तिघांनीं लागोपाठ त्यास फटकावलें व एकही गडी बाद न करितां त्यास परतावें लागलें. तथापि व्यवस्थापक होशिनो यांनीं त्यास बाजूस सारलें नाहीं. तेव्हांपासून २०१३ पर्यंत, पंधरा वर्षें, दरसाल पन्नासांहून कमी सामने तो कधीं खेळला नाहीं.

परंतु त्याचें नांव निघतें तें २००७ च्या १ नोव्हेंबरमुळें. राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या मालिकेंतील तो पांचवा सामना. जिंकला तर १९५४ नंतर प्रथमच चुनिचीस तें पद मिळणार. आघाडी अवघी एका धांवेची. यामाइ या गोलंदाजानें आठ डावांत प्रतिपक्षाच्या एकाही गड्यास पहिल्या तळापर्यंत पोंचूं दिलें नव्हतें. आणखी तिघे बाद केले असते तर त्या मालिकेच्या इतिहासांत पूर्वीं कोणास न साधलेला पराक्रम त्याच्या एकट्याच्या नांवें लागला असता. नेमक्या त्या वेळीं व्यवस्थापक ओचिआइ यांनीं त्यास बसवून इवासेस पाठविलें! इवासेनें तिघेही बाद केले, पद मिळालें. मग देशभर वाद माजला. यामाइच्या बोटाचा फोड फुटला होता हें मागाहून कळलें, तरी तो शमला नाहीं. संघासाठीं एकाचें यश खर्चीं घालावें कीं नाहीं, यावर पुष्कळांनीं लिहिलें. आम्हांस मात्र इवासेचा विचार अधिक येतो. एक चेंडू चुकता तर सामना आणि दुसऱ्याचा विक्रम, दोन्ही बुडविल्याचा ठपका त्याच्यावर. आणि न चुकल्यास त्याच्या पदरीं काय?

पुढल्याच वर्षीं बीजिंगच्या ऑलिंपिकांत तो ठपका आलाच. तेथेंही व्यवस्थापक होशिनोच होते. तीन पराभव इवासेच्या नांवें लागले. कोरियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यांत ली सुंग-यॉपनें त्याचा चेंडू कुंपणापार धाडला आणि जपान पदकाविना परतलें. २००९ सालीं त्यानें स्वतःच्या संघाचे एकेचाळीस विजय राखले. याहून वेगळें उत्तर त्यानें काय द्यावें?

कोपराच्या दुखण्यानें २०१५ सालीं तो मुख्य संघाकडून एकदांही उतरला नाहीं. २०१८ च्या सप्टेंबरांत हजारावा सामना खेळून त्या वर्षाअखेर तो निवृत्त झाला. सामने एकंदर १,००२, राखलेले विजय ४०७; जपानांत दोन्ही विक्रम. २०२५ सालीं बेसबॉलच्या सन्मानमंदिरांत त्याची निवड झाली. त्याच वेळीं इचिरो सुझुकि याचीही झाल्यामुळें जगभरच्या वृत्तपत्रांतील मोठीं अक्षरें अर्थातच इचिरोच्या वांट्यास गेलीं.